एडिसनची बॅटरी: इलेक्ट्रिक कार परवडावी म्हणून लढलेल्या माणसाची गोष्ट

गेले तीन महिने आमच्या घरी एकच वाद चालू आहे. नवी गाडी इलेक्ट्रिक घ्यायची की पेट्रोल? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सवयीने एक्सेल शीट उघडली. बाबांनी शीटकडे बघितलंही नाही. त्यांचा प्रश्न एकच: बॅटरी गेली तर काय करायचं? मी म्हटलं, नवीन टेक्नॉलॉजी आहे, काळजी करू नका. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की माझं वाक्य चुकीचं आणि बाबांचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. तो प्रश्न सोडवायला एका माणसाने आयुष्यातली जवळजवळ दहा वर्षं घातली होती. त्याचं नाव थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटलं की आपल्याला दिव्याचा बल्ब आठवतो. शाळेत तेवढंच शिकवलेलं असतं. आज मात्र त्याचं आयुष्य वेगळ्या बाजूने बघू. एखादी वस्तू नुसती बनवणं आणि ती सामान्य माणसाला परवडेल अशी बनवणं यात किती अंतर असतं, हे त्याच्या आयुष्यातून फार छान कळतं.

रेल्वेत पेपर विकणारा मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळा त्याला फार लाभली नाही, काही महिन्यांतच सुटली. पुढचं शिक्षण आईने घरीच केलं. ऐकायला लहानपणापासून कमी येत होतं आणि ते वयाबरोबर वाढतच गेलं.

बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट या रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, पुढे तिथेच छोटं यंत्र लावून स्वतःचं साप्ताहिकही छापलं. १८६२ मध्ये एका स्टेशन मास्तरचा लहान मुलगा रुळावर खेळत असताना एडिसनने त्याला डब्यासमोरून ओढून वाचवलं. त्या वडिलांनी उपकाराची फेड म्हणून त्याला तारयंत्र शिकवलं. तेव्हाची तार म्हणजे आजचं कोडिंग समजा. हे कौशल्य असलं की कुठल्याही शहरात नोकरी मिळायची. एडिसन पुढची काही वर्षं गावोगाव तारमास्तर म्हणून फिरला.

१८६९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. ते होतं विधिमंडळात मतं झटपट मोजणारं विजेचं यंत्र. यंत्र उत्तम चालायचं, पण ते कोणालाच नको होतं, कारण मतमोजणी हळू होण्यातच राजकारण्यांचा फायदा होता. एडिसनने यातून धडा घेतला: जे विकलं जाणार नाही ते बनवायचं नाही. आमच्या क्षेत्रात कोणाला नको असलेलं फीचर महिनाभर खपून बनवलेले लोक मी रोज बघतो. मीही त्यातलाच एक. त्यामुळे हा प्रसंग मला जवळचा वाटतो.

बल्बमागचा हिशोब

१८७६ मध्ये एडिसनने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली. १८७७ मध्ये फोनोग्राफ आला आणि तो जगप्रसिद्ध झाला. १८७९ मध्ये बराच वेळ टिकणारा विजेचा दिवा तयार झाला.

विजेचा दिवा एडिसनच्या आधीही इतरांनी बनवला होता. त्याचं वेगळेपण हिशोबात होतं. त्याने आधी गॅसच्या दिव्याचा खर्च काढला, कारण त्याची स्पर्धा गॅसशी होती. मग लक्षात आलं की सगळ्यात महाग वस्तू दिवा नसून तांब्याची तार आहे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित आठवा. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. दिव्याची तार जास्त रेझिस्टन्सची ठेवली आणि व्होल्टेज वाढवलं, तर तेवढाच उजेड कमी करंटमध्ये मिळतो. करंट कमी म्हणजे तारेतला व्यय कमी, म्हणजे बारीक तार चालते आणि तांबं वाचतं. दिव्याची रचनाच त्याने तांब्याच्या बिलावरून ठरवली.

४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र सुरू झालं. सुरुवातीच्या काळात दिवे तोट्यात विकले गेले, कारखाना मोठा झाला तसा एका दिव्याचा खर्च खाली आला. पुढे डीसी की एसी या लढाईत तो हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गेला. त्यानंतर त्याने हलक्या प्रतीच्या लोखंडी खनिजातून चुंबकाने लोखंड वेगळं काढण्याच्या धंद्यात पैसा ओतला. तेवढ्यात मिनेसोटात उच्च प्रतीचं, स्वस्त खनिज मिळालं आणि धंदा बसला. वयाच्या पन्नाशीत माणूस पुन्हा शून्याजवळ आला. तेव्हा त्याने हातात घेतली बॅटरी.

१९०० साली पेट्रोल गाडी मागे होती

हे वाचून मला धक्का बसला होता. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या बनल्या. त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या!

कारण सोपं होतं. पेट्रोल गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल फिरवावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. वास, धूर, आवाज आणि गियरची कटकट वेगळीच. इलेक्ट्रिक गाडीत बसलं की निघालं. हेन्री फोर्डची बायको क्लारासुद्धा डेट्रॉईट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची. घरात पेट्रोल गाड्यांचा राजा, आणि बायकोची गाडी इलेक्ट्रिक!

मग अडचण कुठे होती? बॅटरीत. तेव्हा लेड-ॲसिड बॅटरी होती, म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल. वजन प्रचंड, आणि प्लेटा काही वर्षांत खराब होऊन बदलाव्या लागायच्या. आजच्या चांगल्या लेड बॅटरीतही किलोमागे साधारण ३० ते ४० वॉट-अवर ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये १२,००० च्या वर असते. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश उष्णतेत घालवतं असं धरलं तरी फरक बघा.

एडिसनने ठरवलं की ॲसिडच नको. अल्कलीवर चालणारी, हलकी, गाडीच्या आयुष्यभर टिकणारी बॅटरी बनवायची.

हजारो प्रयोग आणि परत बोलावलेला माल

हजारो प्रयोगांनंतर जोडी जमली ती निकेल आणि लोखंडाची. मधलं द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही त्याच काळात याच दिशेने काम करत होता, हेही सांगायला हवं. १९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची वेगळी कंपनी काढली. जाहिरात जोरात झाली, माल बाजारात गेला.

आणि फसला. डबे गळायला लागले. काही बॅटऱ्यांची क्षमता थोड्याच दिवसांत घसरली. वीज नीट वाहावी म्हणून निकेलच्या बाजूला ग्राफाइट मिसळलेलं होतं, तेच साथ देईना. १९०४-०५ च्या सुमारास एडिसनने उत्पादन थांबवलं आणि खराब माल परत घेतला. ऑर्डरी हातात असताना कारखाना बंद करणं सोपं नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये गेलेलं व्हर्जन त्याने मागे घेतलं, तेही स्वतःच्या खिशातून.

पुढची चार-पाच वर्षं पुन्हा प्रयोग. ग्राफाइटच्या जागी निकेलच्या अतिशय पातळ पापुद्र्यांचे थर आले. द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं. (हो, लिथियम तेव्हाही बॅटरीत होतं, फक्त काम वेगळं होतं.) १९०९ मध्ये नवी बॅटरी आली आणि ही खरंच दणकट निघाली. जास्त चार्ज करा, पूर्ण रिकामी करा, महिनोन्‌महिने पडू द्या, ती टिकायची.

दोषही होते. टाकलेल्या विजेतला बराच भाग वाया जायचा, कडाक्याच्या थंडीत ती मंदावायची, पडून राहिली की चार्ज उतरायचा. पण सगळ्यात मोठा दोष होता किंमत.

६०० डॉलरचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. १९११ पासून डेट्रॉईट इलेक्ट्रिकच्या गाडीत एडिसनची बॅटरी मिळायची, पण त्यासाठी ६०० डॉलर जास्त मोजावे लागायचे. १९१२ च्या सुमारास विजेची छोटी गाडी १,७५० डॉलरच्या घरात होती आणि पेट्रोल गाडी ६५० च्या आसपास. म्हणजे नुसत्या बॅटरीच्या जादा पैशात जवळपास अख्खी पेट्रोल गाडी येत होती!

एडिसनचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. लेड बॅटरी काही वर्षांनी बदलायची, माझी बदलायची नाही, म्हणजे वर्षांचा हिशोब मांडला तर माझीच स्वस्त. आज याला मालकीचा एकूण खर्च म्हणतात. पण हा हिशोब पटायला हातात आधी पैसे असावे लागतात. महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस दहा वर्षांची बचत बघून नाही, खिशात किती आहेत ते बघून गाडी घेतो.

हिशोब कोणाला पटला? ट्रक चालवणाऱ्या कंपन्यांना. रोज ठरलेला मार्ग, रात्री ठरलेल्या जागी चार्जिंग, आणि हिशोबाची वही ठेवणारा कारकून. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीने तर आणखी पुढचा विचार केला. १९१० च्या दशकात तिथे ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, बॅटरी वीज कंपनीची, आणि महिन्याचं भाडं अधिक मैलामागे पैसे. बॅटरी उतरली की बदलून भरलेली घ्यायची. आपल्याकडे २०२४ पासून कारची बॅटरी किलोमीटरच्या भाड्याने मिळायला लागली तेव्हा मला ती कल्पना एकदम नवी वाटली होती. तिचं वय शंभरच्या वर आहे.

मित्रच प्रतिस्पर्धी

या गोष्टीतला सगळ्यात गंमतीचा भाग म्हणजे हेन्री फोर्ड. ऑगस्ट १८९६ मध्ये फोर्ड डेट्रॉईटच्या एडिसन कंपनीत मुख्य इंजिनियर होता आणि फावल्या वेळात पेट्रोलची गाडी बनवत होता. न्यूयॉर्कमधल्या एका संमेलनात त्याची एडिसनशी गाठ पडली. फोर्डच्या आठवणीप्रमाणे एडिसनने टेबलावर मूठ आपटून त्याला धीर दिला आणि इंधन सोबत नेणारी गाडीच योग्य दिशेची आहे असं सांगितलं. पुढे ज्या गाडीने एडिसनच्या बॅटरीचा बाजार खाल्ला, तिला पहिली शाबासकी एडिसनची!

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये फिरत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि सांगाडा जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. किंमत दर वर्षी उतरत गेली, १९२५ मध्ये सगळ्यात साधं मॉडेल २६० डॉलरला मिळत होतं. बल्बच्या वेळी एडिसनने केलं तेच इथे फोर्डने केलं: संख्या वाढव, खर्च उतरव, किंमत उतरव.

बाकीचे फासेही पेट्रोलच्या बाजूने पडले. १९०१ मध्ये टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि तेल स्वस्त झालं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला, हँडल फिरवायची भीती गेली. म्हणजे इलेक्ट्रिक कारचा मोठा फायदा हिरावला तो एका छोट्या बॅटरीने आणि छोट्या इलेक्ट्रिक मोटरनेच. आणि गावात वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यातही अमेरिकेतल्या साधारण दहात एका शेतावरच वीज पोचली होती. पेट्रोल मात्र डब्यातून कुठेही नेता येत होतं.

१९१४ च्या सुरुवातीला फोर्डने जाहीर केलं की आपण एडिसनच्या बॅटरीवर स्वस्त इलेक्ट्रिक कार काढणार. बॅटरीच्या कामासाठी त्याने एडिसनला मोठी रक्कमही उसनी दिली होती. प्रयोगासाठी गाड्या बनल्या, पण बाजारात एकही आली नाही. जड बॅटरी आणि मर्यादित पल्ला घेऊन मॉडेल टीच्या किमतीशी भिडणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंजच्या एडिसनच्या कारखान्याला भीषण आग लागली. ६७ वर्षांच्या एडिसनने लगेच पुन्हा बांधकाम काढलं. फोर्डने याही वेळी मदत केली. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

मग बॅटरीचं काय झालं?

बॅटरी मेली नाही. कारमध्ये हरली आणि दुसरीकडे जिंकली. रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, मालवाहू गाड्या, जिथे टिकाऊपणाला किंमत होती तिथे ती दशकानुदशकं चालली आणि एडिसनला तिने चांगला पैसा दिला. ती कंपनी १९७२ मध्ये विकली गेली आणि तीन वर्षांनी तिथलं उत्पादन थांबलं. एडिसन स्वतः १८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजला गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. नावावर १,०९३ अमेरिकन पेटंट. शेवटच्या वर्षांतही तो रबर देणारं झाड शोधत होता, कारण गाड्यांच्या टायरला ते लागायचं.

आपल्यासाठी यात काय आहे?

१९१२ आणि आज यात मोठा फरक बॅटरीच्या किमतीचा आहे. २०१० च्या आसपास लिथियम-आयन बॅटरी पॅकची सरासरी किंमत किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती सुमारे ११५ डॉलरवर आली. म्हणजे मॉडेल टीची युक्ती या वेळी बॅटरीच्या बाजूने चालली आहे. पण प्रश्न तोच आहे: आधी जास्त देऊन नंतर वाचवायचं, हे मला जमेल का?

माझ्या शीटमधला हिशोब देतो, आकडे तुम्ही तुमचे टाका. धरा, इलेक्ट्रिक गाडी ३ लाखांनी महाग आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. वीज १० रुपये युनिट आणि युनिटला ६ किलोमीटर, म्हणजे सुमारे १ रुपया ६७ पैसे. बचत किलोमीटरला ५ रुपये ३३ पैसे. ३ लाख वसूल व्हायला साधारण ५६,००० किलोमीटर लागतात.

- महिन्याला १,००० किलोमीटर फिरत असाल, तर साडेचार वर्षांच्या थोडं पुढे.
- महिन्याला ४०० च फिरत असाल, तर साडेअकरा वर्षांच्या वर.
- घरी चार्जिंग नाही, बाहेर २० रुपये युनिटने भरता आणि महिन्याला १,००० फिरता, तर पावणेसात वर्षांच्या वर.

यात कर्जाचं व्याज, विमा, सर्व्हिसिंग आणि विकताना मिळणारी किंमत धरलेली नाही. ते धरून वर्षं पुढे-मागे होतील. पण गाडी कोणासाठी परवडते हे एवढ्यावरून कळतं: जो रोज, ठरलेल्या मार्गाने, भरपूर फिरतो आणि रात्री घरी चार्ज करतो. १९१० च्या ट्रकवाल्यांसारखा!

मी रोज ऑफिसला जाऊन-येऊन ४० किलोमीटर चालवतो, आमचं पार्किंग स्वतःचं आहे आणि सोसायटीने चार्जरची परवानगी चार मीटिंगांनंतर का होईना, दिली. म्हणून माझं उत्तर इलेक्ट्रिक आहे. माझ्या मामेभावाची गाडी आठवड्यातून एकदा निघते, त्याला मी स्वतः पेट्रोल सुचवली.

आणि बाबा? त्यांना मी परवा एडिसनची ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि मग बॅटरीच्या वॉरंटीचा कागद मागितला. आठ वर्षं आणि किती किलोमीटर, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे सगळं त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोन ओळींखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले की या दोन गोष्टी शोरूमकडून लेखी घे, मग बुक कर. तुम्हीही गाडी बघायला जाल तेव्हा टचस्क्रीनच्या आधी तो कागद मागा.